एका गादीची जागा

३ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, निरोप वाचून उत्तर देत नाहीस, तेव्हा आता कागदावर आले. पाकीट तरी फोडशील. माझं अक्षर बघून तेही बाजूला टाकलंस, तर मात्र मी हात टेकले.

आई रुळली आहे, मजेत आहे. हे आधी सांगते, कारण तुला तेवढंच हवं असणार. बाकीचं पत्र माझ्या समाधानासाठी.

घर हलवताना मी तुझ्यासाठी थांबले नाही, हे खरं. तू म्हणत होतीस, वर्षभर कळ काढ, मी बदली घेऊन येते आणि आईबरोबर तिथेच राहते. पण बदली काय मागितली की हातात ठेवतात? तू तिकडे दूर, शंभर मुलींचं वसतिगृह सांभाळणार, आई इकडे एकटी, आणि रोज दुकानातून सुटल्यावर धावतपळत तिच्याकडे जाणारी मी. एका रविवारी टेम्पो मिळाला आणि उरकून टाकलं. तू सुटीवर आलीस, कुलूप काढलंस आणि आत नुसत्या भिंती. ते तसं व्हायला नको होतं. पण म्हणून तिथून तडक माझ्याकडे येऊन, खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता, तुझ्या भाऊजींच्या देखत "तू आईला गोदामात आणून ठेवलंस" म्हणायचं? गोदाम हे माझं काम आहे. बुटांच्या दुकानाचं गोदाम, पण एक खोकं इकडचं तिकडे होत नाही आणि गिऱ्हाईक दोन मिनिटांच्या वर ताटकळत नाही. मला ते लागलं, धाकटे. अजून लागतं.

आणि जाता जाता म्हणालीस, "ती हरवेल गं तिथे." दहा बाय आठच्या खोलीत माणूस हरवतं का? आली असतीस पुन्हा तर दाखवलं असतं.

ही आपल्या पोरीची खोली. ती शिकायला गेल्यापासून तिथे इस्त्रीचे कपडे आणि भाऊजींचं व्यायामाचं सायकल-यंत्र राहत होतं. (सायकल-यंत्रावरही कपडेच.) सगळं काढलं. दारातून शिरलं की समोर खिडकी, उजवीकडे भिंतीतून एक खांब पुढे आलेला, त्यामुळे ती बाजू नुसती वाया जायची. मी खांबाच्या अलीकडे-पलीकडे छतापर्यंत फळ्या बसवून घेतल्या. पलंग डाव्या भिंतीला, उंच, खाली तीन मोठे ड्रॉवर. उशाशी वर एक लांब फळी. कपाट सरकत्या दाराचं, कारण उघडणारी दारं पलंगाला अडतात. आमच्या गोदामात नियम आहे, रोज लागतं ते कमरेच्या उंचीवर, जड खाली, हलकं वर. तोच लावला. आईचं सगळं, अगदी सगळं मावलं, आणि वर एक फळी रिकामी राहिली. सुतार म्हणाला, "बाई, आता यात फक्त हवा भरायची राहिली." तो थट्टा करत होता, पण मी कौतुक म्हणून घेतलं.

आईची जुनी खाट, लाकडी कपाट, पत्र्याची ट्रंक आणि शिलाई मशीन गॅलरीत प्लास्टिक घालून ठेवलंय. टाकलेलं नाही, उगाच मनात आणू नकोस.

प्रत्येक ड्रॉवरवर मी जाड पेनाने चिठ्ठ्या चिकटवल्यात. रुमाल. औषधं. मोजे. आई प्रत्येक चिठ्ठीसमोर थांबली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय हो." तिला आवडलंय. तुला सांगायचं होतं.

तुझी गोदामवाली,
ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. हरकत नाही, मी काही खेटे घालायचं सोडणारी नाही.

खोलीत थोडी सुधारणा केली. उशाशी जी लांब फळी होती ती काढून पायथ्याला नेली, कारण उठताना आईच्या कपाळाला ती लागली. टेंगूळ आलं होतं, उतरलं. त्या फळीमुळे मग पलंग थोडा खिडकीकडे घ्यावा लागला, आणि पलंग हलला म्हणून कपाट खांबाच्या पलीकडे. असं एकात एक असतं. पण शेवटी दाराशी हातभर जागा सुटली, तिथे एक अरुंद, चाकांचं कपाट बसलं. त्यात तिची औषधं, चष्मा, पाण्याची बाटली. लागेल तिथे ढकलत न्यायचं. मी एका फर्निचरच्या दुकानात हे बघितलं आणि मला राहवलं नाही.

आई म्हणते, "उत्तम." तिला काहीही विचारलं की उत्तम. मात्र हल्ली ती फार पलंगावर बसून असते. मी म्हटलं, आई, अगं जरा उठत जा, चार पावलं टाक, सगळं हाताशी आहे. तर म्हणते, "हाताशी आहे म्हणून तर बसले आहे." तिचा जिभेचा पट्टा शाबूत आहे, काळजी नको.

परवा एक गंमत झाली. शेजारीण आली होती, आणि आपली आई गाऊन उलटा घालून बाहेर आली. शिवणी सगळ्या वर. जिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले, एक दोरा लोंबताना दिसला तर आपल्याला शाळेच्या दारातून परत बोलावलं, ती. मी म्हटलं, "काय गं, नवी फॅशन का?" आम्ही सगळे हसलो. तीसुद्धा हसली. मग आत गेली ती जेवायलाच बाहेर आली.

नडगीला एक काळानिळा डाग आहे. ड्रॉवर उघडा राहिला असेल. मी तिला सांगितलं, काढलं की बंद करायचं. दुकानातल्या नव्या पोरींना सांगते तसंच सांगितलं.

तू कशी आहेस ते विचारायचं राहून गेलं. कशी आहेस?

ताई


११ मार्च

धाकटे,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं.

गेल्या आठवड्यात मी खोली पुन्हा बदलली होती. भाऊजी वैतागले. "तुझ्या दुकानात तरी हंगाम बदलला की माल हलवतात," म्हणाले, "इथे तुझी लहर फिरली की आईंचा पलंग फिरतो." मी ऐकलं नाही. चाकांचं कपाट सारखं वाटेत यायचं, म्हणून ते खिडकीखाली अडकवलं. पलंग आडवा केला, त्यामुळे मधली जागा मोठी दिसायला लागली. खरंच छान दिसत होती. मी दारात उभी राहून कितीतरी वेळ बघत होते.

काल दुपारी मी चष्मा विसरले म्हणून घरी आले. माझ्याकडे किल्ली असते, आवाज न करता आत आले. भाऊजी कामावर. आईच्या खोलीचं दार उघडं होतं.

आई खोलीच्या मधोमध उभी होती. त्याच मोठ्या दिसणाऱ्या जागेत. भर उजेड, खिडकीतून ऊन आत आलेलं. तिने दोन्ही हात पुढे केले होते आणि ती काहीतरी शोधत होती. भिंत शोधत होती, धाकटे. एक पाऊल टाकलं, थांबली, परत मागे घेतलं. मग तिच्या बोटांना पलंगाची कड लागली आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की मला दारापर्यंत ऐकू आला. मग कडेकडेने चालत ती स्वतःशी बोलायला लागली, पाढे म्हणावे तसं. "हा पलंगाचा कोपरा. इथून हात सोडायचा. हे ताईचं कपाट. हे सरकतं. आता खांब." खांबाशी आल्यावर तिने त्याला असा हात लावला, जणू ओळखीचं माणूस भेटलं. त्या खोलीत मला न हलवता आलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मी तिला हाक मारायला हवी होती. मारली नाही. मी पावलं न वाजवता बाहेर गेले, दार ओढून घेतलं, आणि मग किल्लीचा आवाज करत, खोकत, परत आत आले. "आई, मी गं!" आत गेले तेव्हा ती पलंगावर बसली होती, मांडीवर वर्तमानपत्र. म्हणाली, "लवकर आलीस?"

मी चष्मा घेतला आणि दुकानात गेले. दिवसभर मी कुणाला काय दिलं ते मला आठवत नाही.

उद्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते आहे. ती नको म्हणते आहे, नंबर वाढला असेल, म्हणते आहे.

ताई


१४ मार्च

तुला माहीत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून, आणि आई माझ्याकडे चेहरा न वळवता म्हणाली, "धाकटीला माहीत आहे, दोन वर्षं होत आली." काचबिंदू. कडेचं आणि पायाजवळचं काहीच दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं, तेही गढूळ. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती राखायला थेंब घालायचे. जुन्या घरात तिला डोळ्यांची गरजच नव्हती, कारण तिथे तिचे हात आणि पाय चाळीस वर्षं वावरलेले. म्हणून तू म्हणत होतीस, घर हलवू नकोस. म्हणून म्हणालीस, ती हरवेल.

मग सांगितलं का नाहीस? एका वाक्याचं काम होतं. ताई, आईला दिसत नाही. एवढंच. मी काय राक्षसीण आहे का? मी तिच्या ड्रॉवरवर चिठ्ठ्या लावल्या, धाकटे! तिने माझ्या अक्षराचं कौतुक केलं!

रिक्षात मी आईला विचारलं, धाकटीला सांगितलंस आणि मला का नाही. तिने बराच वेळ बाहेर बघितल्यासारखं केलं. मग म्हणाली, "तिला शपथ घातली होती मी. तिच्यावर नको रागावू." मी म्हटलं, मी ते नाही विचारलं. तर म्हणाली, "अगं, तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी केलं असतंस."

मला रडू फुटलं. तिने अंदाजाने माझा गुडघा शोधला आणि थोपटला. "म्हणजे चांगलंच केलं असतंस," म्हणाली.

आज तुझ्यावर राग आहे. पत्र टाकते, कारण टाकलं नाही तर उद्या फाडेन.


३ एप्रिल

धाकटे,

राग गेला. कुठे गेला, मला कळलंही नाही.

तू मला सांगू शकली नाहीस, यात माझाच वाटा मोठा आहे. लहानपणी तुझी खेळणीसुद्धा मी आकाराप्रमाणे लावायचे आणि मग तुला ती सापडायची नाहीत. तू रडायचीस आणि मी म्हणायचे, नीट लावलीत तरी रडते. आता ते आठवलं की मला कसंसंच होतं.

पण आज मी आनंदात आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी काय केलंय ऐक. आईची जुनी खोली परत लावली आहे! भाऊजी तिला थेंब आणायच्या निमित्ताने घेऊन गेले आहेत, येताना बागेत बसवून आणतील. तेवढ्यात सुताराला आणि त्याच्या भावाला बोलावलं. ड्रॉवरवाला पलंग बाहेर, तिची जुनी खाट आत, तिथे होती तशी दाराकडे पाय करून. सरकत्या दाराचं कपाट बाहेर, तिचं लाकडी कपाट आत. त्याचं एक दार खाटेला अडतं, पुरतं उघडत नाही. अडू दे. ट्रंक खिडकीखाली. मशीन कोपऱ्यात. सुतार म्हणाला, "बाई, निम्मी जागा फुकट चालली." मी म्हटलं, जाऊ दे फुकट. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन.

ट्रंक खिडकीच्या बरोबर खाली होती की जरा डावीकडे, यावर मात्र मी अडले. कितीतरी वेळ डोळे मिटून उभी राहिले, पण आठवेना. लग्न होईपर्यंत मी त्याच घरात राहिले, आणि मला आठवत नाही. तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. मग अंदाजाने ठेवली.

आईला काही सांगितलेलं नाही. आत आली की हात लावेल आणि ओळखेल. मला तिचा चेहरा बघायचा आहे. नंतर तुला सगळं नीट लिहीन, तू असतीस तर

लिफ्ट आली. तेच असणार. थांब.


५ एप्रिल

धाकटे,

आई ठीक आहे. भाऊजींनी तुला फोनवर सांगितलंच आहे, तरी मी पुन्हा सांगते. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. कंबरेला मुका मार. डोक्याला काही नाही.

भाऊजींनी तुला म्हटलं की ती पडली. कशी पडली ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते सज्जन आहेत. मी सांगते.

बागेतून येताना आई खुशीत होती. लिफ्टपासून त्यांच्याशी पैज लावत आली, "आता बघा, मी न चाचपता जाऊन बसते." माझ्या त्या शेवटच्या मांडणीचा, आडव्या पलंगाचा, ती गेला महिनाभर अभ्यास करत होती. मी दुकानात असताना रोज. कोपरा, कपाट, खांब. तिने ती खोली पाठ केली होती, धाकटे. माझी खोली. मला त्रास नको, कुणाला हाक मारायला नको, म्हणून या वयात तिने ती नव्याने पाठ केली, आणि त्या दिवशी ती आम्हाला करून दाखवणार होती.

मी दाराच्या आत, भिंतीला टेकून, लहान मुलीसारखी हात बांधून उभी होते. कौतुकाची वाट बघत.

ती झपझप आत आली. हात पुढे केले नाहीत. मला तिचा तो ताठ चेहरा अजून दिसतो. ठरल्या जागी वळली, आणि बसली.

पलंग तिथे नव्हता.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. नुसतं "आई, थांब" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला ते सुचलंच नाही, कारण माझ्या मनात ती खोली आता बरोबर होती.

ती जमिनीवर पडलेली, मनगट छातीशी धरलेलं, आणि तिने विचारलं, "ताई, परत हललं का गं?" रागाने नाही. पाऊस आला का, विचारावं तशी.

दुकानात आमचा एक साधा रिवाज आहे. खोकं हलवलं की हलवणाऱ्याने फळ्यावर लिहायचं, आणि सगळ्यांना ओरडून सांगायचं. ज्याने सांगितलं नाही त्याला मी सगळ्यांसमोर झापते. बुटांसाठी मी एवढं करते.

तू भाऊजींच्या फोनवर आईशी बोललीस. मी स्वयंपाकघरात होते. ती एकदा हसली, ते ऐकू आलं. माझ्याशी बोलायचं तू म्हणाली नाहीस आणि मीही फोन मागितला नाही. तोंड नव्हतं मला.

ताई


६ मे

धाकटे,

खोली मी महिनाभर हलवली नाही. हातच लावायची भीती वाटत होती. आई बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती, माझ्या हाताला धरून न्हाणीघरात जात होती. जे होऊ नये म्हणून तिने एवढा खटाटोप केला, तेच मी तिच्यावर आणलं. तिने तक्रार केली नाही. तिने केली असती तर बरं झालं असतं.

परवा प्लास्टर काढलं. येताना तिने मनगट वळवून बघितलं आणि म्हणाली, "शिवण बरी आहे." घरी आल्यावर मी तिला त्या खोलीत घेऊन गेले. तिला खुर्चीवर बसवलं, मी खाली बसले आणि विचारलं, "आई, तुला काय कुठे हवंय?"

ती मनगट चोळत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

"मला विचारतेस?" म्हणाली.

"हो."

"विचारून झाल्यावर बदलशील."

"नाही बदलणार."

मग ती विचारात पडली. मी इतका वेळ गप्प कधी बसले असेन, आठवत नाही. मधे दोनदा माझ्या तोंडाशी आलं, खाट इकडे घेतली तर वारा लागेल, आणि मी ते गिळलं.

तिला ना माझी खोली हवी होती, ना जुनी. खाट दाराशी हवी. "म्हणजे तुम्हा लोकांचं बोलणं ऐकू येईल." लाकडी कपाट नको, सरकतं दार बरं, ते अंगावर येत नाही. मी थक्क झाले! फळ्या काढून टाकायच्या, तिला वरचं काही लागत नाही. ट्रंक परत गॅलरीत जाऊ दे. मशीन मात्र खांबाला लागून. "दिसत नाही तरी चाकावर हात ठेवून बसायला बरं वाटतं." आणि शेवटी म्हणाली, खाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक गादी मावेल एवढी जागा मोकळी ठेव.

"कशाला?" मी विचारलं.

"धाकटी खाली झोपायची ना माझ्याजवळ. आली तर कुठे झोपेल?"

आणि तुला खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून गेलंच, "अगं, पण तेवढी जागा रोज वाया जाणार."  मी त्या खोलीत गेले तीन महिने इंचन् इंच हिशेबात धरला होता. आईच्या रुमालांना जागा होती, मोज्यांना होती, चाकांच्या कपाटाला होती. तुला नव्हती. मला ते एकदाही सुचलं नव्हतं. तू म्हणालीस ना, आईला गोदामात ठेवलंस? गोदामात मालासाठी जागा असते, मालाला भेटायला येणाऱ्या माणसांसाठी नसते. तुझं बरोबर होतं.

सुतार येऊन गेला. फळ्या काढल्या, भिंतीला भोकं दिसतात, दिसू देत. प्रत्येक वस्तू ठेवताना मी आईचा हात धरून त्या वस्तूवर ठेवला आणि मोठ्याने सांगितलं, काय आहे आणि कुठे आहे. ती म्हणाली, "ओरडू नकोस, डोळे गेलेत, कान आहेत." मग मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

ताई


२ जून

धाकटे,

हे शेवटचं पत्र असं म्हणत नाही, पण पुन्हा पुन्हा दार वाजवल्यासारखं होतं, म्हणून आता थोडी थांबेन.

आई आता एकटी फिरते. सकाळी आपली आपण उठते, कपाट सरकवते, गाऊन काढते, शिवणीवरून बोट फिरवून सुलटा घालते. दुपारी मशीनशी बसते. पाय हलवत नाही, नुसती बसते. मी घरी आले की सांगते, आज किती वेळा कुणालाही न विचारता काय काय केलं. भाऊजी तिला "काय, आज पैज?" म्हणतात आणि ती खरोखर लावते.

तू तिला दर रविवारी फोन करतेस, ते मला माहीत आहे. ती दार लावून घेते. मी तेवढ्यात भाजी आणायला जाते, म्हणजे तुम्हाला मोकळं बोलता येतं.

तुला ये म्हणायचा मला हक्क नाही, आणि मी म्हणतही नाही. तुझ्या मनाचं तू ठरव. मी रागाने घर रिकामं केलं नव्हतं एवढंच सांगेन. मला भीती वाटत होती, आई तिथे एकटी पडेल, आणि मी दुकानात असेन. भीती वाटली की मी आवराआवर करायला लागते. बाबा गेले त्या दिवशी मी तुझं दप्तर आवरलं होतं, आठवतं? तू बिलगायला आलीस आणि मी म्हटलं, थांब, आधी हे होऊ दे. मला ते फार सलतं.

एकच गोष्ट लिहायची होती, म्हणून हे पत्र.

खाट आणि खिडकी यांच्यामध्ये ती जागा आहे. तिथे काही नाही. चटई नाही, स्टूल नाही, मी खाली पिशवीसुद्धा ठेवत नाही. आईला खिडकी उघडायला जायचं असलं की सरळ गेलं तर दोन ढांगांचं काम आहे. पण ती सरळ जात नाही. खाटेच्या पायथ्याकडून, भिंतीला हात लावून, पूर्ण वळसा घालून जाते. पहिल्यांदा मला वाटलं, ती चुकली.  मी म्हटलं, "आई, तिथे मोकळं आहे गं, सरळ जा."

तर हळू आवाजात म्हणाली, "नको. धाकटीच्या अंगावर पाय पडेल."

तिचं डोकं ठिकाणावर आहे, धाकटे. तू नाहीस हे तिला माहीत आहे. मी विचारलं तेव्हा हसली आणि म्हणाली, "अगं, सवय मोडली तर ती येईल तेव्हा तुडवेन ना."

आज सकाळी मी तिचा चहा घेऊन आत गेले. हातात दोन कप, गरम. कप खिडकीशी ठेवले आणि मग लक्षात आलं, मीसुद्धा वळसा घालून आले होते.

ताई